कानात सांगितलेला सिनेमा

फोन आला तेव्हा मी बेळगावात भाजी निवडत बसले होते. निपाणीहून सरूमावशीचा फोन. सरूमावशी म्हणजे वैनीची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. एरवी ती फोनवर बोलायला लागली की थांबत नाही, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "सुशे, लगीच ये. वैनी गेली." दुपारचं जेवण करून वैनी खुर्चीत जरा टेकली होती, तिथंच... आजारपण नाही, दवाखाना नाही. कुणाला काही करायला लागू नये, असंच ती आयुष्यभर जगली, गेलीही तशीच. निपाणीला पोचेपर्यंत गाडीत मला रडू आलं नाही. घरात शिरले, बाया बाजूला सरकल्या, आणि तिच्या नाकावरचा चष्मा अजून कुणी काढलेला नव्हता ते बघितल्यावर मात्र आलं.

कमल माझ्या थोरल्या भावाची, दिनकरअण्णाची बायको. नात्यानं मी तिची नणंद, पण आम्हा दोघींच्या वयात फार अंतर नव्हतं, आणि अण्णा गेल्यानंतर तर आम्ही एका दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालो. त्यामुळं वैनी म्हटलं तरी ती मला बहिणीहून जवळची. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या शाळेतल्या शिक्षिका बोलल्या, विद्यार्थी बोलले. सगळे चांगलं बोलले, खरं बोलले. पण ज्या एका गोष्टीमुळं आमच्या गल्लीला ती कळली ती गोष्ट कुणी सांगितली नाही. ती एका इंग्रजी सिनेमाची आहे, म्हणून कुणाला तिथं सांगावीशी वाटली नसेल. म्हणून मी इथं लिहिते आहे.

अण्णा बेळगावला वीज खात्याच्या कचेरीत कारकून होता. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. आये तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील आधीच गेलेले. अण्णाला नोकरी लागली तेव्हा आयेनं गल्लीत साखर वाटली होती. मग कडोलीकडच्या एका वस्तीतली मुलगी बघून त्याचं लग्न केलं. कमल सातवी शिकलेली. बेळगावात कॅम्पाच्या अलीकडं एका खोलीत दोघांनी संसार मांडला. वर्षभरात वैनीला दिवस गेले, आणि पोर जन्मलं ते मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. त्या काळात असल्या दुःखाचं कुणी फार काही करत नसे. बाळंतीण उठली, कामाला लागली, की झालं. वैनीही कामाला लागली, फक्त बोलायची बंद झाली. अण्णा कचेरीतून यायचा, ती ताट वाढायची, तो जेवायचा. आयेनं जाऊन बघितलं आणि परत येऊन मला म्हणाली, पोरगी भिताडाशी बसल्यागत बसतीया.

अण्णाला सिनेमाचा नाद होता, त्यातून इंग्रजी सिनेमाचा. कॅम्पातल्या थेटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. लष्करातली माणसं, कॉलेजातली मुलं, काही गोवेकर ख्रिस्ती कुटुंबं असा प्रेक्षक. अण्णा कचेरीतले इंग्रजी कागद रोज वाचायचा, पण बोलायची वेळ आली की अडखळायचा आणि त्याचे दोस्त त्याची चेष्टा करायचे. सिनेमातलं त्याला किती समजतं, याबद्दल सगळ्यांनाच शंका होती. तर एका रविवारी तो वैनीला म्हणाला, चल, एक गंमत दाखवतो. तिनं कधी थेटर बघितलं नव्हतं. नको म्हणायचंही तिला त्या दिवसांत सुचत नव्हतं, म्हणून गेली.

सिनेमा काळापांढरा होता, तेव्हाच बराच जुना. समुद्राच्या कडेला दिव्याचा एक मनोरा, त्यात एकटाच राहणारा रखवालदार. एका वादळात आभाळातून एक यान वाळूवर पडतं आणि त्यातून एक बाई बाहेर येते. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याजवळची. तिच्याकडचा सूर्य विझत चाललेला आहे, आणि ती इथं आग मागायला आली आहे. अण्णा वैनीच्या कानाला लागून एकेक वाक्य मराठीत सांगत होता. "आपल्यात बाया पळी घेऊन शेजारणीकडं इस्तू मागायला जात्यात न्हवं? तशी आलीया ही." वैनी मला सांगायची की तेवढ्या एका वाक्यानं ती सिनेमात शिरली. रखवालदार तिला लपवतो, खाऊ घालतो, तिची भाषा शिकतो. मग सैनिक येतात. धुकं दाटलेलं, गोळ्यांचे आवाज, आणि ती बाई वाळूवर पडून डोळे मिटते. तिचंच यान येऊन तिला उचलून नेतं. शेवटी रखवालदार दिवा लावतो आणि रडत रडत बराच वेळ एकटाच बोलतो. अण्णानं सांगितलं ते असं : सैनिकांनी नुसती भीती घातली, बाई दमून झोपली, तिच्या माणसांनी तिला घरी नेलं. आणि तो रखवालदार रडतोय तो आनंदानं, कारण त्याला निरोप आलाय की बाई सुखरूप पोचली, आग घेऊन पोचली, आणि तिच्याकडचा सूर्य पुन्हा पेटला.

थेटरातून बाहेर आल्यावर वैनी बोलायला लागली. घरापर्यंत प्रश्न विचारत आली. ती आग तिनं नेली कशात? सूर्य पेटायला किती दिवस लागले असतील? तिच्या गावात लहान पोरं होती का? अण्णा म्हणे सगळ्याची उत्तरं देत होता. पुढच्या खेपेला आये बेळगावला गेली तर सून हसून बोलतेय, भाकरी थापता थापता सिनेमा सांगतेय. आये परत आली ती म्हणाली, देवानं नसंल केलं ते त्या इंग्रजानं केलं.

त्यानंतर तीन-चार वर्षं बरी गेली. मग अण्णाला कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग दवाखाना झाला... आणि अण्णा गेला. वैनीला माहेरी नेण्याचं बोलणं निघालं. आये मधे पडली. आमच्या घरातलं माणूस आमच्याकडंच राहील आणि शिकेल, असं तिनं सगळ्या पाव्हण्यांसमोर सांगितलं. तिला स्वतःला सही येत नव्हती, पण शिकलेल्या माणसाचं काय होतं ते तिनं अण्णाच्या रूपानं बघितलं होतं. वैनी निपाणीला आली. मी मॅट्रिकला आणि ती माझ्यामागून आठवीची पुस्तकं घेऊन बसलेली. तिनं मॅट्रिक केलं, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण, मग नोकरी करत बीए, इंग्रजी घेऊन. इंग्रजीच का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, तुझ्या अण्णाची भाषा हाय ती.

या सगळ्या वर्षांत गल्लीनं तो सिनेमा तिच्याकडून ऐकला. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बाया वखारीत जायच्या. संध्याकाळी अंगाला तंबाखूचा वास घेऊन परत आल्या, चुली आटोपल्या की आमच्या कट्ट्यावर बसायच्या. त्यांतल्या कुणी समुद्र बघितला नव्हता. त्या मनोऱ्याला त्या 'दिव्याचा खांब' म्हणायच्या. पण आग मागायला आलेल्या त्या बाईला त्या चांगल्या ओळखत होत्या. कुणाची पोरगी सासरी नांदेना झाली, कुणाचं दुखणं हटेना झालं, की सरूमावशी म्हणायची, वैनी, त्यो सिनेमा सांग. आणि वैनी सांगायची, सूर्य पेटेपर्यंत.

तर हाच सिनेमा पुन्हा काढलाय, ही बातमी ऐंशीच्या दशकात कधी तरी आली. नवे नट, रंगीत, यानाची नवी करामत. आधी बेळगावला लागला, मग काही आठवड्यांनी निपाणीच्या थेटरात रविवारी सकाळी. बेळगावातून बघून आलेल्या लोकांची मतं आधीच येऊन पोचली होती. तरुण पोरं यानाचं वर्णन करताना हातवारे करत होती. जुनी मंडळी म्हणत होती, जुन्यात नुसतं धुकं होतं तरी अंगावर काटा यायचा, ह्यात सगळं उघडं करून दाखवलंय, मग काटा येणार कुठून? वैनीनं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. तिनं आपली साधी पांढरी साडी नेसली, आणि आमच्या मागून अख्खी गल्ली निघाली. इंग्रजी सिनेमाला वखारीतल्या बायांची रांग बघून थेटरचा माणूस म्हणाला, मावशी, हा तुमचा सिनेमा न्हाय. सरूमावशी म्हणाली, आमचाच हाय. आमाला पाठ हाय.

पहिला अर्धा भाग बाया खूष होत्या. समुद्र निळा होता, आग तांबडी होती. पुढं काय होणार ते एकमेकींना आधीच सांगत होत्या. मग एका प्रसंगात तो रखवालदार उठला, दार लावून घेतलं, आणि टेलिफोन उचलून हळू आवाजात बोलायला लागला. बायांना शब्द कळले नाहीत, पण मान खाली घालून चोरून बोलणारा माणूस कुठल्याही भाषेत कळतो. मग सैनिक आले. ह्या वेळी धुकं नव्हतं. गोळी लागलेली दिसली, रक्त दिसलं, बाई वाळूवर पडली आणि पडूनच राहिली. यान आलं ते तिचं प्रेत न्यायला. शेवटी रखवालदार जे बोलला ते वैनीला आता नीट समजत होतं, मलाही समजत होतं. मी भ्यालो, मीच त्यांना बोलावलं, असं तो म्हणत होता. आता हा दिवा मी रोज लावीन, पण तिकडून कुणी येणार नाही.

बाहेर आल्यावर बाया चिडल्या होत्या. सरूमावशी तर थेटरच्या माणसाशी भांडायलाच गेली. नासवला, म्हणाली, चांगला सिनेमा नासवला ह्या लोकांनी. वैनी घराच्या वाटेला लागली होती.

पुढच्या आठवड्यात वाचनालयात ह्याच सिनेमावर चर्चा ठेवली होती. त्या काळी आमच्याकडं कशावरही चर्चा व्हायची आणि माणसं यायची. देसाईसर म्हणून बेळगावच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक होते, लग्न न केलेले, निपाणीत भावाकडं येऊन राहिलेले. ते अध्यक्ष. पोरांनी करामतीची स्तुती केली. एका वकिलानं विज्ञानाच्या चुका काढल्या. मग कुणी तरी म्हणालं, आपल्यात जुना सिनेमा थेटरात बघितलेल्या कमलबाई आहेत, त्यांनी बोलावं. वैनी उभी राहिली. वर्गात बोलायची सवय असलेली बाई, आवाज स्वच्छ. ती म्हणाली की नव्या लोकांनी मूळ कथाच बदलली, आणि ते बरोबर केलं नाही. जुन्यात ती बाई मरत नाही. रखवालदार दगा देत नाही. शेवटी तिच्याकडचा सूर्य पेटतो. आग द्यायला कुणीतरी असतं, असं जुना सिनेमा सांगत होता. नवा सांगतो की कुणी नसतं.

देसाईसरांनी चष्मा सारखा केला. माणूस सभ्य होता, त्यांनी शक्य तितक्या हळू सांगितलं, "बाई, जुना मी तीनदा बघितलाय. त्यातही ती मरते. शेवटचं भाषण तर शब्द न् शब्द तेच आहे. फोनचा प्रसंग तेवढा नवा घातलाय." मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, कमलबाईंनी झोपेत बघितला असेल. हशा झाला. मोठा नव्हता, पण झाला. वैनी खाली बसली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्या शिक्षणाला हसले, असं मला वाटलं आणि फार राग आला. देसाईसरांचा, त्या मागच्या माणसाचा आणि, खरं सांगायचं तर, अण्णाचाही. इंग्रजी येत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. बायकोला भलतंसलतं सांगायचं कशाला? मेल्यावरही तिला असं सभेत तोंडघशी पाडायचं...

घरी येताना वाटेत मी हे बोलूनही दाखवलं. वैनी काही वेळ चालत राहिली. मग वखारीच्या लांबलचक भिंतीपाशी, जिथं संध्याकाळची वर्दळ थोडी कमी असते, तिथं ती थांबली.

"सुशे, तुझ्या अण्णाला समजलं हुतं," ती म्हणाली.

मला कळेना. ती भिंतीकडं बघत, आठवत आठवत सांगत होती. "ती बाई वाळूत पडली. डोळं मिटलं. मी ह्यांचा हात गच्च धरला आणि इचारलं, मेली का? हे लगीच बोललंच न्हाईत. तोवर कसं, पडद्यावर बोललं की हे सांगायचं. तिथंच तेवढं थांबलं. मला वाटलं, इंग्रजी जुळवत्यात... मग म्हनाले, न्हाय गं. दमलीया. झोपलीया."

वैनी आता रडत होती आणि हसतही होती. ती म्हणाली, तिथं तर कुणी बोलतच नव्हतं. बाई नुसती पडली होती. इंग्रजी जुळवायला तिथं शब्दच कुठं होते?

एकदा झोपली असं सांगितल्यावर अण्णाला पुढचं सगळं बदलणं भागच होतं. मेलेली बाई घरी पोचवायची, रखवालदाराचं रडणं आनंदाचं करायचं, विझलेला सूर्य पेटवायचा. पडद्यावर माणूस आपल्या पापाची कबुली देत असताना, ते सगळं समजत असताना, त्याच वेगानं तो तिच्या कानात दुसरीच गोष्ट रचत बसला होता. हात तिच्या हातात घट्ट धरलेला. आणि घरी येईपर्यंत तिच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत आला. आम्ही सगळे त्याच्या इंग्रजीला हसायचो. त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. वैनीलाही नाही, पुढं त्या वर्षांतही नाही, आजारपणातही नाही.

"मला आदीच कळलं असतं," वैनी म्हणाली, "तर मी त्यास्नी बोलले असते की. काय तरी बोलले असते." एवढंच एक तिला लागलं होतं. लोक हसले त्याचं तिला आता काहीच नव्हतं.

काही दिवसांनी देसाईसर घरी आले. सभेत आपण असं बोलायला नको होतं, हे सांगायला. आयेनं चहा केला. वैनी त्यांना म्हणाली, सर, तुम्ही खरंच बोललात, त्यात वाईट काय? आणि तिनं त्यांना कट्ट्यावरच्या बायांना सांगायची तसा सगळा सिनेमा सांगितला, अण्णाचा. मग तो अण्णानं कसा सांगितला तेही सांगितलं. आधीच्या त्या बाळाचंही सांगितलं. ते तर तिनं माझ्याशीही कधी काढलं नव्हतं. सर ऐकत होते. चहावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "मी तीनदा बघितला खरा. तिन्ही वेळा एकटाच गेलो होतो." आणि मग चपला घालून निघाले. पुढं ते हयात होते तोवर दर दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसायचे, आणि वैनीला इंग्रजी पुस्तकं आणून द्यायचे.

बायांना वैनीनं खरं सांगितलंच नाही. कट्ट्यावर पुन्हा मागणी झाली तेव्हा ती सूर्य पेटेपर्यंत सांगत राहिली. तिच्या वर्गातला एखादा विद्यार्थी, नवा सिनेमा बघितलेला, म्हणायचा की बाई, त्यात तर असं नाही. वैनी म्हणायची, तो नवा. जुन्यात असंच होतं. शिस्तीची, काटेकोर शिक्षिका ती. एक काना चुकला तर शब्द पाच वेळा लिहायला लावणारी. पण हे वाक्य ती डोळ्याची पापणी न लवता बोलायची, आणि मी शेजारी असले तर माझ्याकडं बघायची नाही.

आता ती नाही. मी महिनाभर तिच्या घरात राहायला आले आहे. आवराआवर करायची आहे, पण हात पुढं होत नाही. वखारी बंद पडल्या, बाया म्हाताऱ्या झाल्या, कट्ट्यावर बसवत नाही कुणाला. म्हणून गेली काही वर्षं त्या संध्याकाळी वैनीच्या पुढच्या खोलीत टीव्ही बघायला जमतात. एक कन्नड मालिका आहे, तिचा सगळ्यांना नाद. बाजारातलं कन्नड ह्या बायांना येतं, पण मालिकेतलं ते बेंगळूरकडचं भरभर कन्नड कळत नाही. त्यामुळं वैनी मधे बसून मराठीत सांगायची. पुण्यानुमोदन झाल्यावरही त्या यायच्या थांबल्या नाहीत. आल्या, आपापल्या जागी बसल्या. मधली खुर्ची रिकामी होती, ती सरूमावशीनं माझ्याकडं सरकवली. मालिका लागली. माझी सगळी नोकरी कन्नड बोलणाऱ्या लोकांत गेली, मला काही अडचण नव्हती. मालिकेतली सासू सुनेला घराबाहेर काढत होती. मी सांगितलं, म्हणतेय की आत्ताच्या आत्ता चालती हो, पुन्हा उंबऱ्याला पाय लावायचा नाही.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सरूमावशी मान हलवत म्हणाली, असं कसं म्हणंल ती? ती सासू कवाच सुधारलीया. वैनीनं सांगितलंय की. गेल्या पावसाळ्यातच तिनं सुनेचे पाय धरले, घरच्या किल्ल्या दिल्या, आता दोघी मायलेकीगत ऱ्हात्यात.

मी पडद्याकडं बघितलं. सून रस्त्यावर उभी होती, दार लागलेलं होतं. सरूमावशीची सून तिला बघत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मावशीनं माझ्याकडं नजर लावली होती. मला बोलायला थोडा वेळ लागला.

"व्हय की," मी म्हणाले. "मीच नीट ऐकलं न्हवतं. ती म्हणतीया, जरा म्हायेराला जाऊन ये, चार दिस इसावा घे, आणि लवकर परत ये."

"तेच म्हटलं," सरूमावशी म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.